डुप्लिकेट पासबुक आणि जुन्या तबकड्या



गेले काही महिने इथं बेळगावच्या जुन्या थिएटरांवर, खानावळींवर, शाळामास्तरांवर छान छान लिहून येतंय. मी पडलो बँकेचा माणूस. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा बी.कॉम., आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर इन्स्पेक्शन रिपोर्टची. तरी आज धीर करून लिहितोय. विषय आपल्या घरांना जरा परका वाटेल, जॅझ संगीताच्या जुन्या रेकॉर्डी आणि त्यांच्या आता निघणाऱ्या नव्या आवृत्त्या. पण शेवटपर्यंत वाचा. तो वाटतो तेवढा परका नाही, आणि शेवटी तुमच्याकडं एक मागणंही आहे.

निमित्त झालं नातवाचं. पुण्याला नोकरी करतो. गेल्या महिन्यात आला तो काखेत मोठं चौकोनी पाकीट घेऊन. "आजोबा, ओळखा." उघडलं तर शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’. मूळ निघाली १९६८ साली, एचएमव्हीची. ही नवी छापलेली. मी चष्मा पुसून पुसून बघत बसलो. आमची ही म्हणाली, "अहो, लावा तरी. नुसतं कव्हर काय वाचताय पासबुकासारखं!"

खरंच पासबुकासारखंच वाचत होतो मी. का, ते सांगतो.

माझा जन्म १९५० चा, बेळगावचा. सहा वर्षांचा असताना राज्य बदललं, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. पाट्या बदलत गेल्या, घरातलं बोलणं आणि गाणं तेच राहिलं. गाण्याच्या बाबतीत तर आपला मुलूख भाग्यवान. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी शहरापासून जवळच, धारवाडकडं मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई. पुलंच्या ‘गणगोत’मधले रावसाहेबही इथलेच. तेव्हा आमच्या गल्लीत गाणं म्हणजे ख्याल, नाट्यगीत आणि भजन. धारवाड आकाशवाणी, नंतर सांगली, एवढंच जग.

पण कॅम्पात गेलं की दुसरंच काही कानावर पडायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं, त्यामुळं बँडचा ट्रम्पेट आणि बिगुल आम्ही जन्मापासून ऐकलेला. कॅम्पात गोवेकर ख्रिश्चनांची घरं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्या वेळी सैन्याची मोठी हालचाल बेळगावातूनच झाली. मी अकरा वर्षांचा होतो, रस्त्याकडेला उभा राहून ट्रक मोजायचो. नंतर लोंढ्यावरून येणंजाणं मोकळं झालं, आणि लग्नाच्या वरातीत, चर्चच्या सणाला गोव्याचे बँडवाले दिसायला लागले.

त्यात थोरल्या भावानं शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ लावायची सवय लावली. विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक १९५५ पासून जॅझचा कार्यक्रम करायचा. इंग्रजी इतकं सावकाश, तोडून तोडून बोलायचा की मराठी माध्यमाच्या पोरालाही कळावं. आवाज लाटांसारखा जवळ यायचा, लांब जायचा. वडील आतून ओरडायचे, "बंद करा ते भुंकणं!" पण आमच्या कानात ते बसलं ते बसलंच.

पुढं १९७२ ला बँकेत लागलो आणि १९७४ ते ७९ मुंबईत होतो. काळा घोड्याजवळच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये शनिवारी जायचं, ऐकायचं खूप आणि विकत घ्यायचं एखादंच. (ते दुकान २०१६ ला बंद झालं, तेव्हा एक नातलग गेल्यासारखं वाटलं.) १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’ला धोबी तलावच्या रंगभवनात सॉनी रोलिन्सला ऐकलं. आणि चोर बाजारातून एक जुनी अमेरिकन छापाची एलपी घेतली, माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ ची. तीच घेऊन मी १९८० ला निपाणी शाखेत हजर झालो.

निपाणी म्हणजे तंबाखू. वखारीजवळून नुसतं गेलं तरी शिंका. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाचे दिवस मी तिथं पाहिले. महामार्गावर बसलेली माणसं, शरद जोशींची भाषणं, आणि नंतरचा तो गोळीबार. संध्याकाळी कामावरून आलो की डोकं सुन्न असायचं. अशा वेळी ही रेकॉर्ड लावायचो.

शेजारी एक गुरुजी राहायचे. प्राथमिक शाळेत शिक्षक, पेटी उत्तम वाजवत, गुरुवारी भजन. एकदा दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "साहेब, ह्यो तर काफी लावलाय की हो!" मी हसलो. ते घरी जाऊन पेटीच घेऊन आले. ‘सो व्हॉट’ नावाची पहिली रचना. गुरुजींचं बरोबर होतं, त्यातले स्वर आपल्या काफी थाटाचेच, गंधार आणि निषाद कोमल. सोळा मात्रांचा जसा त्रिताल मोजावा तशी आम्ही आवर्तनं मोजली. चारातली दोन आवर्तनं एका षड्जावर, तिसऱ्यात सगळं अर्धा सूर वर सरकतं, चौथ्यात परत मूळ जागी. "घाई न्हाई ह्याला. एका जागी बसून बोलतोय. आपल्यासारखंच," गुरुजी म्हणाले.

पण एक भानगड झाली. पेटीवर सूर जुळेना. गुरुजी पांढरी दोन धरायचे, रेकॉर्ड थोडी चढी. काळी दोन धरायचे, रेकॉर्ड थोडी उतरलेली. मधेच कुठंतरी सूर अडकलेला. गुरुजी म्हणाले, मशीन जोरात फिरतंय. मी म्हटलं, असेल. पण रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली, तर ती पेटीशी चपखल! मशीन जर जोरात असेल तर दोन्ही बाजू चढ्या हव्यात. हिशेब लागेना. बँकेत एक पैशाचा फरक आला तरी आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो. हा फरक मी बारा-पंधरा वर्षं डोक्यात घेऊन फिरलो.

मग एके दिवशी वाचनात आलं. ती रेकॉर्ड न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेलं बरोबर वेगानं वाजवलं की सूर चढतो. त्या दिवसाच्या तिन्ही रचना पहिल्या बाजूला, म्हणून ती बाजू चढी. दुसरा दिवस ठीक, म्हणून दुसरी बाजू ठीक. तेहतीस वर्षं सगळं जग चढाच सूर ऐकत होतं! शेवटी १९९२ च्या आवृत्तीच्या वेळी दुसऱ्या, राखीव मशीनवर भरलेली टेप वापरली आणि चूक दुरुस्त झाली. आणखी एक गंमत, पहिल्या छपाईत दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंही उलटसुलट पडली होती. म्हणजे खतावणीत नोंद चुकली म्हणतात तसंच.

मी नवी सीडी घेतली आणि मुद्दाम निपाणीला गेलो. गुरुजी थकले होते, पण पेटी होती. ‘सो व्हॉट’ लावली. पांढरी दोन. बरोब्बर! गुरुजी नुसते हसले. म्हणाले, "म्हंजे आपला कान बरोबर होता की, साहेब."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की जुन्या रेकॉर्डची नवी आवृत्ती म्हणजे नुसता नवा माल नव्हे. ते डुप्लिकेट पासबुक आहे. जुनं हरवलं, फाटलं, भिजलं, तर बँक नवं देते. शिल्लक तीच असते, कधी कधी मागची चूकही त्यात दुरुस्त होऊन येते. पण मूळ खात्यात जी नोंद कधी झालीच नाही, ती कुठल्याही डुप्लिकेटात येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर मी परत येणार आहे.

आता ज्यांना ऐकावंसं वाटेल त्यांच्यासाठी चार नावं सांगतो. सगळी आता नव्यानं निघालेली आहेत आणि फोनवरही सापडतात. नातवंडांना सांगा, दोन मिनिटांत लावून देतील.

पहिली अर्थात ‘काइंड ऑफ ब्लू’. १९९२ नंतरची आवृत्ती घ्या. रात्री ऐका, भजन संपल्यावर जी शांतता असते ना, तशा वेळी.

दुसरी डेव्ह ब्रुबेक यांची ‘टाइम आउट’, हीसुद्धा १९५९ ची. ब्रुबेक त्याच्या आदल्या वर्षी मुंबईला येऊन सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवून गेले होते. या रेकॉर्डवरची ‘टेक फाइव्ह’ ही रचना पाच मात्रांची. तबला येणाऱ्यांनी हातावर मोजून बघावं. आपला झपताल दोन-तीन असा चालतो, ही तीन-दोन. रचनाकार पॉल डेझमंड १९७७ ला वारले, तेव्हा या रचनेचं मानधन त्यांनी अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवलं होतं. वारस नोंदणी कशी करावी याचं इतकं सुंदर उदाहरण मी नोकरीत पाहिलं नाही.

तिसरी ड्यूक एलिंग्टन यांची ‘फार ईस्ट स्वीट’. त्यांचा ताफा १९६३ मध्ये भारतात आला होता, दिल्ली-मुंबईत वाजवून गेला. पुढं तुर्कस्तानात असताना केनेडींचा खून झाला आणि दौरा तिथंच संपला. त्या प्रवासाच्या आठवणींवर त्यांनी आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी ही रेकॉर्ड रचली. त्यात क्लॅरिनेटवर चक्क आपली साळुंकी बोलते.

चौथी जॉन कोल्ट्रेन यांची. ६ मार्च १९६३ ला ध्वनिमुद्रण झालं आणि रेकॉर्ड निघाली २०१८ ला! कंपनीकडची मूळ टेप नाहीशी झाली होती. पण घरी ऐकायला म्हणून दिलेली एक टेप पहिल्या पत्नीच्या घरच्यांकडं राहिली होती. तीच सापडली. आमच्याकडं याला अनक्लेम्ड डिपॉझिट म्हणतात. दहा वर्षं कुणी हात लावला नाही की ती रक्कम आता रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण खरा हक्कदार आला की परत मिळते. संगीतात तशी सोय नाही. तिथं घरच्या कपाटात राहिलं तर राहिलं, नाहीतर गेलं. २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओला आग लागली, त्यात साठवणीतल्या मूळ टेपांचं नुकसान झालं. किती झालं यावर वाद आहे, पण जे जळलं त्याचं डुप्लिकेट काढणार कशावरून?

आणि मग पाचवी, आपली. ‘रागा जॅझ स्टाइल’. अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत. रईस खाँसाहेबांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरांचा ट्रम्पेट, लेस्ली गुदिन्हो ड्रमवर, लुसिला पाशेको पियानोवर. एकेक राग तीन-चार मिनिटांत उरकतो, त्यामुळं ख्यालवाले नाक मुरडतील. मुरडू देत. सतारीनं मांडलेला राग ट्रम्पेट उचलतो तेव्हा मजा येते की नाही, तेवढं सांगा.

परेरा, गुदिन्हो, पाशेको. ही नावं वाचूनच मी कव्हरात अडकलो होतो. कारण मुंबईच्या सिनेमासंगीतात अशी शेकडो माणसं वाजवत होती आणि त्यांची नावं कुठंच नाहीत. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला शिकवत. तिथून ही मंडळी मुंबईला आली. ताज हॉटेलात मिकी कुरैय्या यांचा बँड १९३९ पासून वीसेक वर्षं वाजत होता. आल्दोनचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावानं ट्रम्पेट वाजवायचे, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. भगवानदादांचा १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर, आणि पडद्यावर बँडसह चिक चॉकलेट स्वतः दिसतात. म्हणजे गणपतीत ज्या गाण्यांवर आपण सगळे नाचलो, त्यातली निम्मी चाल जॅझची! सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यातली मोठी नावं. पण रेकॉर्डच्या लेबलवर संगीतकार आणि गायक. वाजवणारे नाहीत.

आता जे सांगायचंय ते सांगतो. चाळीस वर्षं सांगितलं नाही.

१९८५ च्या सुमारास मी बेळगावला कॅम्पाजवळच्या शाखेत होतो. आमच्याकडं एका गोवेकर अंकलचं बचत खातं होतं. मुंबईच्या स्टुडिओत पंचवीस-तीस वर्षं ट्रम्पेट वाजवून, दात गेल्यावर इथं येऊन राहिलेले. मला जॅझ आवडतं म्हटल्यावर काउंटरवर गप्पा व्हायच्या. एका उन्हाळ्यात ते कर्ज मागायला आले. पावसाच्या आधी घराची कौलं बदलायची होती. रक्कम फार नव्हती. मी अर्ज दिला, उत्पन्नाचा दाखला मागितला.

दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत सातआठ जुन्या रेकॉर्डी. एक काढून टेबलावर ठेवली. "पात्रांव, दाखलो खंय मेळटलो? पैसे रोजचे रोज हातात. पण हें गाणं तुका खबर आसा? दुसऱ्या कडव्याच्या आधी ट्रम्पेट येता... तो हांव."

गाणं मला माहीत होतं. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मी रेकॉर्डच्या लेबलावर नजर फिरवली, जसा कुठल्याही कागदावर सहीसाठी फिरवतो. संगीतकार, गायिका, कंपनी, नंबर. अंकलचं नाव नव्हतं. मी म्हणालो, "अंकल, हे नियमात बसत नाही."

ते रागावले नाहीत. रेकॉर्डी पिशवीत भरल्या, "देव बरें करूं" म्हणाले आणि गेले. अर्जावर मी शेरा मारला, ‘कागदपत्रे अपूर्ण’. नियम बरोबरच होता, आजही कुणी अधिकारी वेगळं करणार नाही. पण एखादा जामीनदार मी बघू शकलो असतो. स्वतः घरी जाऊन बसू शकलो असतो. ते गाणं त्यांच्यासमोर लावून, तो ट्रम्पेट त्यांच्या शेजारी बसून ऐकू शकलो असतो. यातलं काहीच केलं नाही. मार्चएंडिंग, बदलीचं टेन्शन, कारणं पुष्कळ होती. दोन वर्षांनी मुलगी मृत्यूचा दाखला घेऊन खातं बंद करायला आली. मी रेकॉर्डींचं विचारलं. म्हणाली, भंगारवाल्याला दिल्या, जागा नव्हती.

ते गाणं आता सगळीकडं आहे. मुलानं चार वर्षांपूर्वी ‘कारवाँ’ आणून दिला त्यातही आहे. आवाज इतका स्वच्छ केलाय की दुसऱ्या कडव्याच्या आधीचा तो ट्रम्पेट अगदी खोलीत उभा राहून वाजवल्यासारखा येतो. पूर्वी खरखरीत तो कधी इतका नीट ऐकूच आला नव्हता. नावाच्या जागी मात्र तेच, संगीतकार आणि गायिका. म्हणून म्हटलं, शिल्लक परत मिळते, चूक दुरुस्त होते, पण जी नोंद झालीच नाही ती कुठल्याच आवृत्तीत येत नाही. ती कुणीतरी हातानं करावी लागते.

तर मागणं एवढंच. तुमच्या घरी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत तबकड्या, कॅसेटी, स्पूल टेप असतील. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही. आजोबांचं भजन असेल, एखाद्या मैफलीचं कुणी भरलेलं असेल, संगीत नाटकाच्या तालमीचं असेल. भंगारात घालू नका. ऊन आणि ओल यांपासून लांब, उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. आणि घरात जे वडीलधारे अजून आहेत त्यांना शेजारी बसवून विचारा, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, मागं टाळ कोण धरतोय. ते नाव तारखेसकट एका कागदावर लिहा आणि कव्हरात घाला. आज विचाराल तर मिळेल. मी चाळीस वर्षांपूर्वी समोर बसलेल्या माणसाला विचारलं नाही, की अंकल, अजून कुठल्या कुठल्या गाण्यांत तुम्ही आहात.

अंकलचं नाव इथं लिहिलेलं नाही, कारण त्यांच्या मुलीला विचारलेलं नाही. ती परदेशात असते, तिचा पत्ता कॅम्पातल्या एका ओळखीच्यांमार्फत मिळवतोय. पण त्या गाण्याची जुनी ७८ ची तबकडी मी परवा शहापुरातून विकत आणली. कागदी कव्हरावर पेन्सिलनं लिहिलं, ‘ट्रम्पेट :’ आणि पुढं त्यांचं पूर्ण नाव. खाली बँकेत करायचो तशी सही केली आणि तारीख घातली.

बेळगाव